सहाचा आठ

"तू बसली होती ना हिच्यावर? मंग धुवून दे आधी."

उपसरपंच दारात उभे होते. चपला पायात. बोट खुर्चीकडे. लाल प्लास्टिकची खुर्ची, संस्थेनं दिलेली, आमच्या पाळणाघरातली एकुलती एक. मी तिच्यावर बसून लेकरांची हजेरी लिहीत होते. ते आले म्हणून उठले, पदरानं खुर्ची पुसली, पुढं सरकवली.

पुसणं त्यांना चाललं नाही.

"पुसून नाई. पानी टाकून धू."

आवाज चढवला नाही. रागावलेही नाहीत. घरच्या गड्याला रोजचं काम सांगावं तसं सांगितलं. त्यांच्यामागं देखरेख समितीचे दोघं, संस्थेच्या ताई, आणि लेकरं सोडायला आलेल्या पाच-सहा बाया. रोवणीचे, भातलावणीचे दिवस होते. बायांना बांधीवर पोचायची घाई होती. तरी थांबल्या. पाहायला.

मी बादली आणली. खुर्ची ओट्यावर नेली आणि धुतली. पाय, पाठ, दोन्ही हात. नंदिनी नावाची साडेतीन वर्षांची पोरगी माझ्यामागं आली. जेवण झालं की लेकरं माझ्यासोबत सतरंजी पुसतात, ती सवय मीच लावलेली. तिला वाटलं, तेच काम आहे. तिनं कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि माझ्याजवळ उकिडवी बसून खुर्चीचा एक पाय घासायला लागली. मन लावून. जीभ बाहेर काढून.

"हे त आतापासूनच शिकली," समितीतला एक जण म्हणाला.

बाया हसल्या. नंदिनीची आई त्यांच्यात होती, आमच्याच टोलीतली, म्हणजे वस्तीतली. ती हसली. मी पण हसले. हे सांगितलंच पाहिजे. मी पण हसले.

खुर्ची वाळेपर्यंत ते उभे राहिले. मग बसले.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात, दिघोरीहून आत येणाऱ्या रस्त्यावर. रोवणी, निंदण, कापणी, या दिवसांत बाया सकाळी जातात त्या दिवस कलल्यावरच येतात. पूर्वी तान्ही लेकरं सोबत न्यायच्या, धुऱ्यावरच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधायच्या. एका वर्षी रांगणारं एक लेकरू बोडीत, शेताजवळच्या लहान तळ्यात पडलं. बाया वाकून पऱ्हे, धानाची रोपं लावत होत्या, कुणालाच कळलं नाही. त्यानंतर बायांनीच ग्रामसभेत ठाण मांडलं, तेव्हा एका संस्थेनं पाळणाघर काढलं. जागा ग्रामपंचायतीची, जुनं समाजमंदिर. देखरेख ग्रामपंचायतीची. माणूस संस्थेचा. तो माणूस मी. बारावी पास. अकरा वर्षं.

देखरेख म्हणजे काय ते सांगते. समितीनं महिन्यातून एकदा यायचं. लेकरं पाहायची, पाणी पाहायचं, खिचडी चाखायची, वजनाची वही तपासायची आणि सही करायची. कागदावर असं होतं. अकरा वर्षांत समिती चार-पाच वेळा आली असेल. बाकी महिने वहीच त्यांच्या घरी जायची. मी न्यायचे. अंगणात उभी राहायचे. आतून सही होऊन यायची. खिचडी कधी कुणी चाखली नाही. माझ्या हातची होती ना.

मी बौद्ध. आजोबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, परत आले आणि घरातले देव तळ्यात सोडले. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली. विहारात दर वर्षी भाषण करते. स्वाभिमानावर बोलते. टाळ्या पडतात. म्हातारे डोळे पुसतात. आणि अंगणात उभं राहून सहीची वाट पाहते. दोन्ही मीच. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

त्या दिवशी समिती आली, कारण आठ दिवसांनी जिल्ह्यावरून पथक येणार होतं. गावाचं नाव वर गेलेलं होतं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर निळ्या रंगात मोठी अक्षरं रंगवून झाली होती, 'कुपोषणमुक्त ग्राम'. पेंटर येऊन गेला. वजनं त्याच्यानंतर झाली.

खुर्चीवर बसून उपसरपंचांनी वजनाची वही मागितली. अकरा वर्षांत पहिल्यांदा सहीच्या जागेवरच्या ओळी पाहिल्या. पानावर बोट फिरवत खाली आले आणि एका ओळीवर थांबले.

"हे एक लाल काहून?"

ती ओळ स्वराची होती.

स्वरा दीड वर्षाची. ढिवरांच्या, मासे धरणाऱ्यांच्या टोलीतली, तळ्याच्या पाळीखालच्या घरातली. बाप हैदराबादकडं बांधकामावर. आई ममता, वीस-बावीस वर्षांची, चौथी शिकलेली, रोवणीत सगळ्यात चपळ. पहिल्यांदा ममता लेकराला घेऊन आली तेव्हा तिची सासू मागोमाग आली होती. "राहू दे पोट्टीले तिच्याजवळ, पन तिच्या हातचं खाऊ घालू नको," सासू माझ्यासमोरच सुनेला म्हणाली होती. ममता दोन दिवस डब्यात भाताची पेज ठेवून गेली. तिसऱ्या दिवशी डबा आणलाच नाही. म्हणाली, "बाई, तुमीच चारा. बुढीले काय समजते?" तेव्हापासून स्वरा माझ्या हातचं खायची. खायची म्हणजे काय, दोन घास. तिसऱ्याला तोंड फिरवायची. हाडं दिसायची. हात लावला की कातडी ढिली लागायची. पण डोळे मोठे, आणि मी दिसले की दोन्ही हात वर. मांडीवर बसली की माझ्या गळ्यातले काळे मणी मुठीत धरायची आणि तशीच झोपायची.

त्या महिन्यात काट्यावर तिचं वजन सहा किलो सातशे भरलं. दोनदा करून पाहिलं. दीड वर्षाच्या लेकराचं इतकं कमी वजन असलं की वहीत लाल रेघ. लाल रेघ आली की जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवायचं. तिथं अशा लेकरांसाठी वेगळी खोली असते, आईसकट ठेवून घेतात, वाटी-चमच्यानं हळूहळू जीव भरतात. मी चिठ्ठी लिहून ठेवली होती. फक्त समितीची सही राहिली होती.

"कमी वजनाची हाय जी," मी म्हणाले. "भंडाऱ्याले पाठवा लागते."

"कोनाची हाय?"

"ममताची. ढिवर मोहल्ल्यातली."

"त्यायचे पोट्टे असेच राह्यतात. लुकडे. मासोळी खाऊन का वजन येते?" समितीतले दोघं हसले. मग उपसरपंचांनी वही माझ्याकडं फिरवली. "भितीवर काय लिहून हाय, वाचता येते ना तुले? सहाचा आठ कर."

मी ताईंकडं पाहिलं. संस्थेच्या ताई नागपूरच्या. बाई चांगली. माझ्या आजारपणात फोन करायच्या, लेकरांसाठी खेळणी आणायच्या. पाळणाघर त्यांच्यामुळंच उभं होतं. त्यांनी चष्मा काढला आणि ओढणीनं पुसत राहिल्या.

"बघा," त्या म्हणाल्या, "महिनाभरात वाढेलच वजन. आपण तिला जास्तीचा आहार देऊ. पंचायतीनं जागा काढून घेतली तर सगळ्याच मुलांचं नुकसान आहे. नाही का?"

तुम्ही विचाराल, 'नाही' का म्हटलं नाही. मीही स्वतःला विचारते. नाही म्हणायला उभं राहावं लागतं. माझे हात अजून ओले होते. पंधरा मिनिटांपूर्वी त्याच माणसासाठी मी खुर्ची धुतली होती आणि वर हसले होते. त्याच्यानंतर नाही म्हणण्याची जागाच अंगात उरली नव्हती.

आम्ही आकडे इंग्रजीत लिहितो. इंग्रजी सहाचा आठ करायला काही लागत नाही. वरचं टोक वळवून आणायचं. एक वळसा. पेन सुद्धा उचलावं लागत नाही. वहीत केला. लाल रेघेवर हिरवी ओढली. मग ममताच्या घरी जाणारं कार्ड होतं, त्याच्यावर केला.

दवाखान्याची चिठ्ठी उपसरपंचांनी घडी करून खिशात टाकली.

पथक आलं. फोटो काढले. लेकरांनी टाळ्या वाजवून गाणं म्हटलं. त्या दिवशी स्वराला आणू नको, असा निरोप ममताला गेला होता. निरोप मीच दिला.

मी स्वराला जास्त चारायला लागले. घरचं अंडं आणायचे. गूळ-शेंगदाणा कुटून आणायचे. तिला पचायचं नाही. पोट बिघडायचं. मला कळत होतं, हे माझ्या हातचं काम नाही, दवाखान्याचं आहे. एक दिवस ममता लेकीला घ्यायला आली तेव्हा मी धीर केला.

"ममता, हिले भंडाऱ्याले नेऊन आन. मोठ्या दवाखान्यात."

"काहून जी? काय झालं?"

"वजन... जरा कमी वाटते."

तिनं पिशवीतून कार्ड काढलं. पाहिलं. मला दाखवलं. "आठ किलो सातशे हाय ना बाई. हिरवं हाय. तुमीच त लिहिलं." मग हसली. "रोवणी होऊ द्या. टोळीतून सुटली का दुसरी बाई घेते मुकादम. रोवणी झाली का नेतो."

तिथं मी सांगू शकत होते. ती आणि मी, दोघीच होतो. उपसरपंच नव्हते, ताई नव्हत्या. कुणीही माझा हात धरला नव्हता. एक वाक्य होतं. मी म्हणाले, "बरं."

रोवणी संपायला चार दिवस होते तेव्हा स्वराला ताप आला, हगवण लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ममता तिला माझ्याकडंच घेऊन आली. दवाखान्याआधी माझ्याकडं. लेकराची मान टिकत नव्हती. आम्ही ऑटो केला, लाखांदूर गाठलं. डॉक्टर तरुण होता. लेकराला पाहिल्याबरोबर सलाईनची तयारी करायला लागला आणि विचारलं, "हिचं वजन कुणी करत नव्हतं का?"

ममतानं कार्ड पुढं केलं.

डॉक्टरनं कार्ड पाहिलं. मग लेकराला पाहिलं. मग परत कार्ड. भंडाऱ्याला न्या म्हणाला, गाडी करून दिली. मी शेजारी उभी होते. बोलले नाही.

गाडीत स्वरा ममताच्या मांडीवर. पाय माझ्या मांडीवर. पवनी गेली. अड्याळच्या अलीकडं ममतानं विचारलं, "बाई, हे पाय थंडे काहून पडून राहिले?" मी दोन्ही तळवे धरले. चोळले. खूप चोळले. भर दुपार होती, बाहेर बाया बांधीत वाकलेल्या दिसत होत्या, रस्त्यावर बाजाराची गर्दी होती. सोबतच्या सिस्टरनं ड्रायव्हरला सांगितलं, जरा हळू घे. तेव्हा मला कळलं. ममताला त्यानंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. सासू भिंतीला टेकून बसलेली. तीच सासू, जी माझ्या हातचं चारू नको म्हणाली होती. तिनं मला पाहिलं, सरकून जागा केली. म्हणाली, "बस माय. तू लय केलं तिच्यासाठी."

ममता आतून आली. हातात कार्ड.

"बाई, मले एक समजून सांगा. मी रोज पाहून राहिली. आठ किलो सातशे. हिरवं. मंग काहून गेली? दोन दिवसांच्या तापानं हिरवं लेकरू जाते का?"

मी उठले. पाणी पिऊन येते म्हणाले आणि घरी निघून आले.

घरी माझी आई होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू. जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत राबलेली. तिला मी सगळं सांगितलं. खुर्चीपासून. मला वाटलं होतं, ती जवळ घेईल. म्हणेल, तुझा काय इलाज होता, पोटासाठी करावं लागतं. आयुष्यभर तिनं मला हेच सांगितलं होतं.

तिनं गुडघे चोळत सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी जनमभर त्यायची भांडी घासली. सारवलं, धुतलं. जे म्हणन ते केलं. मान खाली घातली. पन माह्या मान खाली घातल्यानं कोनाचं लेकरू मेलं नाई. तुले आमी शिकवलं. तुले लिहिता येते. तुह्या लिहिन्यानं मेलं."

मग तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मला आजवर कुणी इतकं खरं बोललं नाही. उपसरपंचांनी माझा अपमान केला तो मी गिळला होता, गिळायची सवय होती. आईनं अपमान केला नाही. तिनं मला मोजलं. आणि मी कमी भरले.

लेकरू गेलं की तालुक्यावरून चौकशी येते. निरोप आला. त्याच संध्याकाळी उपसरपंच माझ्या घरी आले. घरी म्हणजे गल्लीत. मोटारसायकल बंद केली नाही. आईनं आतून "या जी, बसा" म्हटलं. ते आले नाहीत.

"ताप होता म्हन. हगवन होती म्हन. खोटं नाई ना ते? वजनाचं कोनी पुसलं त बरोबर होतं म्हन."

"आणि नाई म्हटलं तं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खरंच आश्चर्य वाटलं होतं त्यांना. "अक्षर कोनाचं हाय वहीत?" म्हणाले, आणि गेले.

ताईंचा फोन आला. त्या रडत होत्या. ते रडणं खोटं नव्हतं. "तुमच्यावरच येईल हो सगळं," त्या म्हणत होत्या. "मी तुमच्या भल्यासाठी सांगते." मी विचारलं, "ताई, तुम्ही तिथं होता. तुम्ही सांगाल का?" मग त्या म्हणाल्या, "संस्थेची बारा केंद्रं आहेत." मी फोन ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याआधी मी ठेवला.

चौकशीच्या आधी मला एक काम करायचं होतं. मी ममताकडं गेले. ती तळ्याच्या पाळीवर कपडे वाळत घालत होती. लहान कपडे. मी म्हणाले, "ममता, कार्डावरचा आकडा खोटा हाय. सहा किलो सातशे होती ती. मीच आठ केला. मले करायले लावला, पन केला मीच. चिठ्ठी लिहून झाली होती, तिले भंडाऱ्याले पाठवायची. ते पाठवू देल्ली नाई. आन तू इचारलं तवा मी सांगतलं नाई."

तिच्या हातात एक झबलं होतं. ते ती पिळत राहिली. पाणी केव्हाच निथळलं होतं.

"तू?" ती म्हणाली.

गावात सून म्हणून आली तेव्हापासून ती मला तुमी म्हणत होती. बाई म्हणत होती.

"तू लिहिलं?"

"हो."

"जाय इथून."

मी गेले. मागं वळून पाहिलं नाही. त्याचा मला हक्क नव्हता.

चौकशीला दोन मॅडम आल्या. समाजमंदिरातच बसल्या. उपसरपंच, समिती, ताई, सगळे हजर. लेकरांना त्या दिवशी सुट्टी दिलेली. मॅडमनं वही उघडली आणि विचारलं, "या ओळीत वजन किती होतं?"

उपसरपंच म्हणाले, "मॅडम, आठ किलो सातशे, लिहून त हाय..."

"सहा किलो सातशे," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मी थांबले नाही. थांबले असते तर परत सुरू झाले नसते. म्हणाले, "सहा होते. मी आठ केले. यांनी सांगितलं. या ताई समोर होत्या. दवाखान्याची चिठ्ठी यांनी खिशात टाकली. अकरा वर्षांत समितीनं मला अंगणात उभं ठेवून वही सही करून परत केली, आत येऊन एकदाही लेकरू उचलून पाहिलं नाही. आणि ज्या दिवशी पाहायला आले त्या दिवशी आधी माझ्याकडून खुर्ची धुवून घेतली. का धुवून घेतली ते विचारा त्यांना."

"खोटं बोलून राहिली, मॅडम," उपसरपंच म्हणाले. "हे लोकं असेच..."

"कोणते लोकं?" मी विचारलं.

ते वहीकडं बघायला लागले.

"नाव घ्या ना. कोणते लोकं?"

मॅडम म्हणाल्या, विषयाला धरून बोला. मी म्हणाले, मी विषयालाच धरून बोलते आहे.

त्यांनी जबाब लिहिला. दोन पानं. मला दिला. मी सही केली. न वाचता. अकरा वर्षांची सवय, सांगितलं तिथं सही. मला वाटलं, बोलले म्हणजे लिहिलं गेलं.

पंधरा दिवसांनी संस्थेचं पत्र आलं. नोंदीत फेरफार केल्याबद्दल कामावरून कमी. मी ते अपेक्षिलं होतं, त्याचं दुःख नाही झालं. दुःख झालं ते सोमवारी सकाळी, जेव्हा पायांनी आपोआप समाजमंदिराचा रस्ता धरला आणि अर्ध्यावर मला आठवलं. आतून लेकरांचा आवाज येत होता. कुणीतरी रडत होतं आणि त्याला कसं थोपटायचं ते मला ठाऊक होतं. नवीन मुलगी लागली आहे. चांगली आहे म्हणतात. उपसरपंच अजून समितीवर आहेत. भिंतीवरची अक्षरं तशीच आहेत.

माहितीच्या अधिकारात मी माझा जबाब काढला. वाचला. 'सेविकेने चूक मान्य केली.' दोन पानांत माझ्या बोलण्यातलं एवढंच. यांनी सांगितलं, हे नाही. चिठ्ठी नाही. ताई नाहीत. खुर्ची तर नाहीच. सगळ्या गोष्टीत एकच माणूस उरला होता, मी. खाली सही, माझीच.

तेव्हा मी जिल्हा परिषदेला अर्ज लिहिला. सगळा. पहिल्यापासून. आणि शेवटी मागणी लिहिली की वजन होताना आई समोर असली पाहिजे, काटा आईला दिसला पाहिजे, समितीची सही पाळणाघरातच लेकरांसमोर झाली पाहिजे, आणि समितीत रोवणीला जाणाऱ्या बाया असल्या पाहिजेत. सह्या घ्यायला घरोघर फिरले. पुष्कळांनी दार लावून घेतलं. नंदिनीच्या आईनं सही केली. ती म्हणाली, "त्या दिवशी मी हासली होती." मी म्हणाले, "मी बी."

ममताकडं मी गेले नाही. एक दिवस तीच आली. अंगणात उभी राहिली. आईनं पाट दिला, बसली नाही. पाणी दिलं, घेतलं नाही. अर्ज मागितला. ओळीवर बोट ठेवून सगळा वाचला, वेळ लागला तिला. स्वराचं नाव आलं तिथं बोट थांबलं. मग सही केली.

"हे माह्या लेकीसाठी करून देतो," ती म्हणाली. "तुले माफ नाई केलं. करनार बी नाई."

मी अर्ज घडी करून ठेवला. ती बरोबर होती.

आता सुनावणीची तारीख लागली आहे. लोक समजवायला येतात. आमच्या टोलीतले जाणते म्हणतात, स्वतःलाच कशाला अडकवतेस, फक्त दबाव होता म्हण, तू सुटशील. ताईंनी कुणाकडून तरी निरोप पाठवला, सौम्य लिहून दिलं तर दुसऱ्या केंद्रावर घेऊ. उपसरपंचांच्या घरून कुणी येत नाही. त्यांना अजून खात्री आहे की मी घाबरेन.

घाबरते मी. रोज. पण मला सुटायचं नाही. दबाव होता एवढंच म्हटलं तर ममताला त्या दिवशी 'बरं' म्हणणारी बाई कोण होती? ती कुणाच्या दबावाखाली नव्हती. आणि फक्त माझी चूक म्हटली, तर खुर्चीवर बसून बोट फिरवणारा माणूस उद्या दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या ओळीवर थांबेल. दोन्ही खरं आहे. दोन्ही लिहून घ्यावं लागेल त्यांना.

भंडाऱ्याला मी जाणार. विचारतील, आकडा कुणी बदलला. आधी माझं नाव सांगेन. ते लिहून होईपर्यंत थांबेन. मग त्यांचं सांगेन, पदासकट. मग ताईंचं. कागद माझ्यापुढं सरकवतील, बोट ठेवतील, इथं सही करा म्हणतील. मी तो पहिल्या ओळीपासून वाचेन, मोठ्यानं. तिन्ही नावं त्यात नसली तर सही होणार नाही. परत लिहायला लावेन. परत नसली तर परत.

मला घाई नाही.